खारं पाणी, पोटॅश आणि कोवळं रोप: आत नेमकं काय होतं?

एरवी मी इथे ॲप, बॅटरी, प्रोसेसर यांच्याबद्दल लिहितो. आजचा विषय शेतीचा आहे, पण त्यात सेन्सर आहे, डेटा आहे आणि मोबाईल ॲपमुळे होऊ शकणारी एक महागडी चूकही आहे. त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

झालं असं की मे महिन्यात माझ्या मामाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मामाची पेण तालुक्यात खाडीलगत अर्धा एकर खार जमीन आहे. अमावास्येच्या उधाणाला खारबांधाला खांड पडली आणि समुद्राचं पाणी शेतात शिरलं. खाली मेसेज होता: "अरे, दुकानदार म्हणतो पोटॅश टाकलं की मीठ मरतं. दोन पोती आणू का? तू इंजिनीअर आहेस, बघून सांग."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण मी राहतो ट्रॉम्बेला. एका बाजूला ठाण्याची खाडी आणि तिवरांचं जंगल, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना, जिथलं 'सुफला 15:15:15' गावोगावी जातं, आणि डोंगराच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र, जिथे पिकांची नवी वाणं तयार होतात. म्हणजे मीठ, पोटॅश आणि रोप हे तिन्ही विषय माझ्या पिनकोडमध्येच आहेत. मामाला "थांबा, दोन दिवस द्या" म्हणालो आणि वाचायला बसलो.

आधी शब्द समजून घेऊ

क्षारता: मातीतल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. हे मोजतात विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसी. पाण्यात क्षार जास्त तर त्यातून वीज जास्त सहज जाते. एकक आहे डेसीसीमेन्स प्रति मीटर.

क्षारयुक्त जमीन: मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून गाळलेल्या पाण्याची, ईसी 4 च्या वर गेली की जमिनीला क्षारयुक्त म्हणतात. तुलनेसाठी, समुद्राच्या पाण्याची ईसी साधारण 50 असते.

पोटॅश: खताच्या पोत्यावरचा तिसरा आकडा. 15:15:15 मधला शेवटचा 15. हा आकडा शुद्ध पोटॅशियमचा नसून पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातला असतो. त्याला 0.83 ने गुणलं की खरं पोटॅशियम मिळतं. 50 किलोच्या सुफलाच्या पोत्यात साडेसात किलो पोटॅश, म्हणजे सव्वासहा किलोच्या आसपास पोटॅशियम.

म्युरेट ऑफ पोटॅश, ज्याला दुकानात एमओपी म्हणतात, ते पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यात 60 टक्के पोटॅश. रसायनशास्त्राच्या भाषेत हेही एक मीठच आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोपाला मिठाचा त्रास दोन टप्प्यांत होतो

पहिला टप्पा पाण्याचा. मुळं पाणी ओढतात कारण मुळांच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त घट्ट असतो. बाहेरच मीठ वाढलं तर ही ओढ कमी होते. माती ओली दिसते, पण रोपासाठी ती कोरडी असते. हा परिणाम लगेच, काही मिनिटांत ते तासांत सुरू होतो. नवी पानं लहान येतात, वाढ मंदावते. इथे मीठ कोणतं आहे याने फारसा फरक पडत नाही, एकूण किती आहे याने पडतो.

दुसरा टप्पा सोडियमचा. हा हळूहळू येतो, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. पाण्याबरोबर सोडियम पानांपर्यंत चढतं. पाणी पानातून उडून जातं, सोडियम तिथेच साठतं. जुनी पानं आधी टोकाकडून पिवळी, मग करपट होतात. जुनी पानं मरण्याचा वेग नवी पानं येण्याच्या वेगापेक्षा वाढला की रोप संपलं.

ही दोन टप्प्यांची मांडणी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञ राणा मन्स यांच्या कामामुळे जगभर वापरली जाते.

यात पोटॅशियमचा संबंध काय?

सोडियम आणि पोटॅशियम ही आवर्त सारणीतली शेजारची भावंडं. दोघांवर एकेक धन भार. आकारात फरक आहे, पण थोडा: सोडियमच्या आयनची त्रिज्या 0.102 नॅनोमीटर, पोटॅशियमची 0.138. मुळांच्या पेशींवर पोटॅशियम आत घेणारे दरवाजे असतात. बाहेर सोडियमची गर्दी झाली की त्यातलं काही याच दरवाजांतून आणि काही इतर ढिल्या वाटांनी आत घुसतं.

चार्जरचं उदाहरण घ्या. पिन बसते म्हणून चार्जर चालेलच असं नाही. पेशीतल्या पन्नासहून जास्त एन्झाइमना काम करायला पोटॅशियम लागतं. प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लागतं. सोडियम त्या जागी जाऊन बसतं, पण काम करत नाही.

त्यात आणखी एक भानगड. धन भाराचं सोडियम भराभर आत आलं की पेशीच्या पडद्यावरचा विद्युत दाब बिघडतो. त्यामुळे काही दरवाजे उलटे उघडतात आणि आत जमवलेलं पोटॅशियम बाहेर गळायला लागतं. म्हणजे एकीकडे नको ते आत, दुसरीकडे हवं ते बाहेर. म्हणूनच शास्त्रज्ञ नुसतं सोडियम मोजत नाहीत, पानातलं पोटॅशियम आणि सोडियम यांचं गुणोत्तर बघतात. खार जमिनीत टिकणारी बरीचशी रोपं हे गुणोत्तर वर ठेवतात.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 10.8 ग्रॅम सोडियम आणि फक्त 0.4 ग्रॅम पोटॅशियम असतं. आयन मोजले तर एका पोटॅशियममागे जवळपास 46 सोडियम. रोपाला त्या गर्दीतून एक ओळखून उचलायचा असतो.

हे कळलं कसं? किरणोत्सारी ट्रेसरने

पोटॅशियम मुळात किती वेगाने शिरतं हे डोळ्यांनी दिसत नाही. इथे अणुविज्ञान कामाला येतं. पोटॅशियम-42 हा किरणोत्सारी प्रकार वापरता येतो, पण तो दर साडेबारा तासांनी अर्धा होतो. प्रयोग संपेपर्यंत बराचसा गायब! म्हणून त्याच्यासारखंच वागणारं रुबिडियम-86 वापरतात, त्याचं अर्धायुष्य 18 दिवसांहून जास्त आहे. सोडियमसाठी सोडियम-22. अमेरिकेतल्या इमॅन्युएल एप्स्टाइन यांनी 1952 मध्ये अशाच पद्धतीने जवाच्या मुळांचा अभ्यास केला आणि आयन आत घेण्याचा वेग मोजून त्याचं गणित मांडलं. पुढे त्यांनीच दाखवलं की आजूबाजूला कॅल्शियम असेल तर मुळं सोडियम आणि पोटॅशियम यांच्यात जास्त चांगली निवड करतात. कॅल्शियमचा हा मुद्दा मामाच्या शेतात परत येणार आहे.

कोवळं रोपच का मरतं?

भाताचं बी खाऱ्या चिखलातही बऱ्यापैकी रुजतं. म्हणून शेतकरी फसतो. मोड दिसले की वाटतं जमलं. खरी परीक्षा दोन-तीन पानांवर असताना होते. तेव्हा बियाण्यातली शिदोरी संपलेली असते, मुळं वरच्या थरातच असतात (मीठही बऱ्याचदा तिथेच जास्त) आणि सोडियम साठवून त्याग करायला जुनी पानं फारशी नसतात. मोठं रोप दोन पानं गमावून जगतं. तीन पानांच्या रोपाने दोन पानं गमावली तर उरलं काय? मध्ये फुटव्यांच्या काळात भात पुन्हा जरा कणखर होतो आणि फुलोऱ्याला परत नाजूक.

एकूण उत्पन्नासाठी मास आणि हॉफमन यांनी 1977 मध्ये एक सोपं सूत्र दिलं. प्रत्येक पिकाची एक मर्यादा, आणि त्यापुढे ईसी एकने वाढली की उत्पन्न किती टक्के घटतं तो उतार:

• घेवडा: मर्यादा 1, पुढे दर एककाला 19 टक्के घट
• भात: मर्यादा 3, पुढे 12 टक्के घट
• कापूस: मर्यादा 7.7, पुढे 5.2 टक्के घट
• जव: मर्यादा 8, पुढे 5 टक्के घट

भाताला ईसी 4 असेल तर 12 टक्के नुकसान, 8 असेल तर (8 − 3) × 12 = 60 टक्के. हे आकडे अंदाजासाठी आहेत, वाण आणि हवामानाप्रमाणे बदलतात.

मामाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न: दोन पोती पोटॅशने काय होईल? मी साधं गणित केलं.

अर्धा एकर म्हणजे साधारण 2000 चौरस मीटर. वरचा 15 सेंटिमीटर थर धरला तर जवळपास 390 टन माती. ती पूर्ण भिजली की त्यात सुमारे 195 घनमीटर पाणी. ईसी 8 धरली आणि सगळं मीठ साधं मीठ आहे असं मानलं, तर त्या थरात जवळपास 900 किलो मीठ आहे! त्यातलं सोडियम साडेतीनशे किलोच्या वर.

एमओपीच्या दोन पोत्यांत मिळून पोटॅशियम साधारण 50 किलो. आयनांच्या संख्येत सांगायचं तर बारा सोडियममागे एक नवा पोटॅशियम. त्यातलाही बराचसा मातीच्या कणांना चिकटणार. आणि सोबत 45 किलो क्लोराइड फुकट. म्हणजे 900 किलो मिठाच्या शेतात आपण आणखी 100 किलो मीठ विकत आणून टाकणार. पहिल्या टप्प्यातला, पाण्याचा त्रास यामुळे वाढेलच.

"पोटॅशने मीठ मरतं" हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. मीठ मरत नाही, मीठ फक्त वाहून जातं.

मग पोटॅशचा उपयोग कधी? जमिनीत पोटॅशियम खरोखर कमी असेल तेव्हा. उपाशी रोप सोडियमला जास्त बळी पडतं, हे खरं आहे. पण समुद्रकाठच्या चिकण खार जमिनीत पोटॅशियम बऱ्याचदा आधीच भरपूर असतं. मामाची माती तपासून घेतली तेव्हा रिपोर्टमध्ये तेच निघालं: ईसी जास्त, पोटॅशही जास्त. दोन पोत्यांचे पैसे वाचले.

मग काय केलं?

1. आधी खांड बुजवली. बांध फुटका असताना बाकी सगळं व्यर्थ.

2. पावसाची वाट पाहिली. ढोबळ नियम असा: जेवढ्या खोलीची माती धुवायची तेवढ्याच उंचीचं गोडं पाणी तिच्यातून खाली गेलं तर सुमारे 80 टक्के विरघळलेले क्षार जातात. कोकणात वर्षाला 2500 ते 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पाण्याची कमी नाही. अडचण निचऱ्याची, कारण चिकण मातीत पाणी सावकाश झिरपतं. म्हणून शेतात पाणी साठवायचं, चिखल ढवळायचा आणि ओहोटीला उघाडीतून पाणी काढून टाकायचं. हे दोनदा केलं.

3. मातीचा पोत सांभाळला. मीठ धुतलं तरी सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतं. मग माती विस्कटते, वर साय धरल्यासारखा थर होतो आणि निचरा बंद पडतो. तिथे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, सोडियमला हटवतं आणि रोपालाही निवडीत मदत करतं. किती टाकायचं ते माती परीक्षणावरूनच.

4. रोपवाटिका गोड्या जमिनीत केली. शेजाऱ्यांच्या वरकस तुकड्यावर रोपं वाढवली आणि नेहमीपेक्षा आठवडाभर मोठी करून लावली. एका चुडात दोन रोपं जास्त. ज्यांना खार जमिनीत मोड आलेलं बी फेकून रहू करायचा असतो, त्यांनी तर मीठ धुतल्याशिवाय बी फेकूच नये.

5. वाण बदललं. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून 'पनवेल' मालिकेतली खार सोसणारी भाताची वाणं आली. आणि माझ्या दारातल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच विद्यापीठाबरोबर 'ट्रॉम्बे कोकण खारा' हे वाण काढलंय, खास कोकणातल्या खार जमिनीसाठी.

वाण खारं पाणी कसं सोसतं?

केरळातलं 'पोक्कली' हे जुनं भात पाहा. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावर 'सॉल्टॉल' नावाचा भाग आहे. तिथल्या एका जनुकाची ओळख 2005 मध्ये पटली. ते जनुक एक प्रथिन बनवतं, जे मुळातून वर निघालेल्या रसातलं सोडियम परत ओढून घेतं, पानापर्यंत जाऊ देत नाही. गव्हातही असंच जनुक रानटी नातेवाइकाकडून आणलं, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खाऱ्या शेतात उत्पन्न 25 टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं.

इतर युक्त्याही असतात: मुळाशी पंप लावून सोडियम बाहेर फेकणं, किंवा पेशीतल्या रसकोशात कोंडून ठेवणं. आमच्या खाडीतलं तिवर तर पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं. पानावर कधी कधी पांढरी पूड दिसते, ती हीच.

ट्रॉम्बेची पद्धत वेगळी आहे. बियाण्यावर गॅमा किरणांसारखा मारा करून जनुकांत बदल घडवायचे, हजारो रोपांतून हवं ते निवडायचं आणि पिढ्यानपिढ्या तपासायचं. याला म्युटेशन ब्रीडिंग म्हणतात. असं बियाणं किरणोत्सारी नसतं. गॅमा किरण आरपार जातात, आत राहत नाहीत. एक्स-रे काढल्यावर आपण चमकत नाही, तसंच.

फोनचं काय?

हा भाग आपल्यासाठी. मामाने तो फोटो दुकानदाराला दाखवायच्या आधी एका ॲपवर टाकला होता. बांधाकडेच्या भाजीच्या पानांचा फोटो होता. ॲप म्हणालं, "पोटॅशियमची कमतरता". का? कारण पोटॅशियम कमी पडलं तरी जुन्या पानांच्या कडा आणि टोकं करपतात, आणि मिठाने मार बसला तरी तसंच होतं. कॅमेऱ्याला दोन्ही सारखे दिसतात. उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत!

फोनच्या कॅमेऱ्याने क्षारता मोजता येत नाही. फोनमध्ये तसा सेन्सरच नाही. हे हवं:

• ईसी किंवा टीडीएस पेन. पाण्यासाठी उत्तम. पेन मोजतो वाहकताच आणि तिला गुणून पीपीएम दाखवतो. 0.5 चा गुणक असेल तर 500 पीपीएम म्हणजे ईसी 1. काही पेनमध्ये गुणक 0.64 किंवा 0.7 असतो, डबीवर बघा.

• माती परीक्षण. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी असतात, त्यात ईसी आणि पोटॅश दोन्ही. लक्षात ठेवा, प्रयोगशाळा बऱ्याचदा मातीत जास्त पाणी मिसळून ईसी मोजते, त्यामुळे आकडा लहान येतो. त्याची तुलना वरच्या 4 च्या मर्यादेशी थेट करू नका. शेजारचा शेरा वाचा.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवतोय, तर हेही सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी होतं. आरओचं वाया जाणारं पाणी मी बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपांना घालत होतो, पाणी वाचवतोय या आनंदात. पानं करपली तेव्हा वर एमओपीचा चमचा टाकला. रोपं आठवड्यात गेली. नंतर पेन बुडवला तर त्या पाण्यात 1700 पीपीएम, म्हणजे ईसी साडेतीनच्या आसपास. आरओ क्षार नष्ट करत नाही, उरलेल्या पाण्यात कोंबतो. कुंडीतून पाणी उडतं, मीठ उरतं. आता ते पाणी मी फरशी पुसायला वापरतो.

घरी करून बघा

मेथीचे दाणे, तीन कप, टिश्यू पेपर. पहिल्या कपाला साधं पाणी. दुसऱ्याला लिटरमागे 2 ग्रॅम मीठ (ईसी 4 च्या जवळ). तिसऱ्याला लिटरमागे 4 ग्रॅम. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढा. माझ्याकडे दुसऱ्या कपात दाणे रुजले बहुतेक सगळे, पण आठव्या दिवशी उंचीतला फरक पट्टीशिवाय दिसत होता. तिसऱ्यात मोड उशिरा आले आणि मुळं आखूड राहिली. रुजणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

थोडक्यात

पानं करपली तर आधी ईसी मोजा, मग पोटॅश बघा. ईसी जास्त असेल तर गोडं पाणी आणि निचरा. पोटॅश रिपोर्टमध्ये कमी असेल तरच द्या, थोडं थोडं करून द्या, आणि खार जमिनीत क्लोराइड नसलेलं सल्फेट ऑफ पोटॅश (0:0:50) बरं. रोप तीन पानांचं असेपर्यंत त्याला खाऱ्या पाण्यापासून सांभाळा.

मामाचं यंदाचं भात कापून झालंय. खांड पडली होती त्या कोपऱ्यात पीक विरळच आलं, बाकी शेत भरलं. परवा त्याने कणगीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तो पेन केवढ्याला मिळतो रे?"